बॅलार्ड इस्टेट : विसाव्या शतकाच्या सुरुवातीची व्यापारी इमारत कशी बांधली आणि कशाने बिघडते

गोदीकाठ

फोर्टातल्या जुन्या इमारतींचा विषय निघाला की बोलणं व्हीटी, हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या मनोऱ्यापाशी थांबतं. तिथून पूर्वेला गोदीच्या दिशेने चालत गेलं की बॅलार्ड इस्टेट लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मुंबईत कचेऱ्यांची इमारत कशी बांधत, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात जमिनीपासून. इथे आधी समुद्र होता. पोर्ट ट्रस्टने १९०५ मध्ये अलेक्झांड्रा गोदीचं, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीचं काम हाती घेतलं. गोदी खणताना निघालेला दगड आणि माती शेजारीच भरावाला वापरली आणि साधारण २२ एकर नवी जमीन तयार झाली. मार्च १९१४ मध्ये गोदी सुरू झाली. पोर्ट ट्रस्टच्या संस्थापकांपैकी कर्नल बॅलार्ड यांचं नाव इस्टेटीला मिळालं. बोटीने उतरलेला माणूस बॅलार्ड पिअरवरून थेट आगगाडीत बसत असे. पंजाब मेल १९१२ मध्ये सुरू झाली ती इथल्याच मोल स्टेशनातून. जहाज कंपन्या, विमा कंपन्या, बँका आणि आडते याच भोवती का जमले हे वेगळं सांगायला नको.

आराखडा जॉर्ज विटेट यांचा. हे १९०४ मध्ये मुंबईत आले, आधी जॉन बेग यांच्या हाताखाली होते, मग सरकारचे सल्लागार वास्तुविशारद झाले. गेटवे आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम त्यांचंच. मात्र तिथले घुमट आणि जाळ्या इथे कुठेही दिसणार नाहीत. इथे त्यांनी युरोपातल्या रेनेसाँ पद्धतीचा, शिस्तीचा चेहरा निवडला आणि तो अख्ख्या इस्टेटीवर लागू केला. इमारतींची उंची जवळपास एक, कॉर्निसची, म्हणजे वरून भिंतीबाहेर येणाऱ्या दगडी पट्ट्याची रेघ एक, दगडाचा रंग बराचसा एक. जमिनीचा मालक एकच आणि भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले, म्हणून हे जमलं. खासगी मालकीच्या गल्लीत असा एकसारखेपणा कुणी आणू शकलं नसतं.

आता एखाद्या इमारतीसमोर उभं राहून खालून वर बघा. तळमजल्याचे दगड मोठे आणि त्यांचे सांधे मुद्दाम खोल ठेवलेले. रस्त्यांच्या नाक्यावर कोपरा कापून तिथेच मुख्य दरवाजा. मधल्या मजल्यांवर चपटे खांब आणि एकाखाली एक खिडक्या. वर भिंतीबाहेर आलेला जाडजूड कॉर्निस. हा कॉर्निस नुसता शोभेचा नाही. त्याच्या खालच्या पृष्ठभागावर, बाहेरच्या कडेपासून थोडी आत, बोटभर रुंदीची एक खाच दगडात कोरलेली असते. पावसाचं पाणी कडेवरून खाली वळतं, खाचेपाशी येऊन अडतं आणि तिथूनच थेंब सुटतो. भिंत कोरडी राहते. पुढच्या दुरुस्तीत कुणीतरी कॉर्निसला सिमेंटचा गिलावा करतं, खाच बुजते, आणि दोन पावसाळ्यांत खालच्या मजल्यावर काळे ओघळ दिसायला लागतात. शंभर वर्षांच्या इमारतींचं बरंचसं नुकसान असंच झालेलं आहे, दुरुस्ती म्हणून केलेल्या कामाने.

इतिहास, साहित्य, बिघाड, तिन्हींवर लिहा.

नकाशाघर

चांगला धागा. दोन गोष्टी आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या, कारण त्यांची गल्लत सगळीकडे दिसते.

पहिली, इस्टेटीतली प्रत्येक इमारत विटेट यांची नाही. आराखडा आणि चेहऱ्याचे नियम त्यांचे, पण भूखंडधारक आपापले वास्तुविशारद नेमत. त्यामुळे 'विटेट यांची इमारत' असं लिहिण्याआधी नकाशावरची सही बघायला हवी. दुसरी, बॉम्बे हाऊस बॅलार्ड इस्टेटीत नाही. ते फोर्टात होमी मोदी रस्त्यावर, म्हणजे जुन्या ब्रूस स्ट्रीटवर आहे. ते मात्र नक्की विटेट यांचं. विटेट १९१९ मध्ये सरकारी नोकरी सोडून टाटांच्या इंजिनिअरिंग कंपनीत गेले आणि बॉम्बे हाऊस १९२४ मध्ये पुरं झालं. गेटवेचं उद्घाटनही १९२४ मध्येच, ४ डिसेंबरला. १९२६ मध्ये ते मुंबईतच वारले, शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना पुरलं आहे.

एखाद्या इमारतीचं साल शोधायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी सी. एस. नंबर, म्हणजे भूमापनातला (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांक काढा आणि त्यावरून मालमत्ता पत्रक मिळवा. पत्रकावर मालक म्हणून पोर्ट ट्रस्ट दिसेल, कारण जमीन पट्ट्याची आहे. पट्टा कोणी, कधी, किती वर्षांसाठी घेतला हे त्याच्या दस्तात असतं, आणि दस्ताला जोडलेला नकाशा बहुधा भूखंडाचा असतो, इमारतीचा नसतो. इमारतीचा नकाशा हवा तर महापालिकेकडे. १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या कलम ३३७ खाली बांधकामाची नोटीस द्यावी लागे. ती नोटीस आणि तिच्यासोबतचे नकाशे ए वॉर्डाच्या जुन्या फायलींत असू शकतात. तेही नाही मिळालं तर करनिर्धारणाच्या नोंदवहीत इमारतीवर पहिल्यांदा कर कधी बसला ते बघा. ते साल इमारत वापरात आल्याचं असतं. पट्ट्याचं साल आणि हे साल यांत तीन-चार वर्षांचं अंतर सहज पडतं. विशेषतः पहिल्या महायुद्धाच्या काळात, कारण विलायतेहून येणारं पोलाद अडलेलं होतं.

यानंतर त्या काळातल्या व्यापारी डिरेक्टऱ्या. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात बघायला मिळतात. रस्त्यावार यादी असते, कोणत्या इमारतीत कोणाची कचेरी ते कळतं. लागोपाठच्या सालांची पानं समोर ठेवली की नाव पहिल्यांदा कुठे उगवतं ते दिसतं.

पोटमाळा

दर्शनी भागावर कोरलेलं साल असतं ना? ते धरून चालत नाही का?

नकाशाघर

धरू नये. ते कंपनीच्या स्थापनेचं असू शकतं. विमा कंपन्या तर आपलं स्थापनासाल हौसेने कोरून घेत. तसंच इमारतीचं नावही भाडेकऱ्यामागे बदलत जातं. दादाभाई नौरोजी रस्त्यावरची व्हाइटवे लेडलॉची इमारत पुढे खादी भांडाराची म्हणून ओळखली जाऊ लागली. नाव शोधाल तर चुकाल, सी. एस. नंबर आणि रस्त्याचं जुनं नाव धरून शोधा.

आणि दादाभाई नौरोजी रस्ता, जुना हॉर्नबी रोड, हा तुलनेसाठी उत्तम आहे. किल्ल्याची तटबंदी १८६० नंतरच्या दशकात पाडल्यावर तो रुंद झाला आणि १८९६ च्या नियमाने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा झाकलेला रस्ता सक्तीचा झाला. बाकी शैली ज्याची त्याला मोकळी. त्यामुळे तिथे गॉथिक, इंडो-सारासेनिक, क्लासिकल सगळं शेजारी-शेजारी दिसतं आणि खाली कमानींची एकच ओळ त्यांना जोडते. बॅलार्ड इस्टेटीत नेमकं उलटं आहे, वरचा चेहरा एक. नियम कशावर लावला यावरून रस्ता कसा दिसतो ते ठरलं.

लोखंडकाम

कागद न मिळाल्यास इमारतच वाचावी लागते, आणि त्यात सगळ्यात खात्रीचा साक्षीदार गर्डर.

या काळातल्या कचेऱ्यांची जमीन बहुधा जॅक आर्चची असते. साधारण तीन ते पाच फुटांवर पोलादी गर्डर, दोन गर्डरांच्या खालच्या पट्ट्यांवर टेकलेली विटांची चपटी कमान, साडेचार इंच जाडीची. कमानीचा उठाव गाळ्याच्या, म्हणजे दोन गर्डरांमधल्या अंतराच्या, आठव्या ते बाराव्या हिश्शाइतका. वर चुन्याचं काँक्रीट भरून सपाटी आणि त्यावर लादी. फॉल्स सीलिंगचा एक तुकडा काढून टॉर्च मारली की बाकदार विटा दिसतात.

गर्डराच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचं नाव, गर्डर लाटतानाच, उठावात उमटवलेलं असतं. डॉर्मन लाँग या इंग्लंडमधल्या कारखान्याचं सर्रास दिसतं. अक्षरं रंगाखाली बुजलेली असतात, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने रंग काढा, ग्राइंडर लावू नका. टाटांच्या साकचीच्या, म्हणजे आजच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पहिलं पोलाद १९१२ मध्ये निघालं, त्यामुळे टाटांची मुद्रा दिसली तर तो गर्डर त्यानंतरचा, हे पक्कं. मापंही बोलतात. ब्रिटिश प्रमाणित गर्डरांची मापं १९०३ मध्ये ठरली. १० इंच बाय ५ इंच, फुटाला ३० पौंड, किंवा ८ बाय ४, फुटाला १८ पौंड, अशी मापं नेमकी जुळली तर गर्डर त्या यादीनंतरचा असण्याची शक्यता मोठी.

इतर खुणा: भिंतीत गॅसच्या बारीक नळ्या सापडल्या तर इमारत किंवा तिचा तो भाग विजेआधीचा. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रॅमवेज कंपनी १९०५ ची आहे. सागवानी केसिंग-कॅपिंगमधली, म्हणजे झाकणाच्या लाकडी पट्टीतून नेलेली वायरिंग ही त्यानंतरची. जमिनीवर इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या फरशा असतील तर आयात, आणि सिमेंटच्या रंगीत नक्षीच्या देशी फरशा असतील तर १९२२ नंतरचा काळ जास्त संभवतो, कारण भारत टाइल्सची सुरुवात त्या सालची. पण फरशी बदलता येते. गर्डर बदलणं सोपं नसतं. म्हणून साक्ष गर्डराची आधी.

बिघाडावर वेगळं लिहितो.

चुनखडी

लोखंडकाम यांच्या यादीत सिमेंटही घाला. पोरबंदरच्या कारखान्यातून देशी पोर्टलंड सिमेंट १९१४ मध्ये निघायला लागलं. त्याआधी जे होतं ते पिंपांतून आलेलं विलायती आणि महाग. म्हणून या इमारतींची दगडी भिंत चुन्यात आहे हे गृहीत धरा आणि मग तपासा.

तपासायची साधी रीत: सांध्याच्या आतून, पृष्ठभागापासून किमान दोन इंच खोल, २५ ग्रॅम माल काढा. वाळवा, बोटांनी चुरा, वजन करा. काचेच्या भांड्यात दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. आम्लात माल टाकायचा, मालावर आम्ल ओतायचं नाही. फेस थांबला की गाळा, धुवा, वाळवून पुन्हा वजन करा. उरली ती वाळू आणि सुरकी, म्हणजे विटांची पूड, गेला तो चुना. लालसर बारीक गाळ दिसला तर सुरकी आहे. एक सावधगिरी मुंबईत हवीच. किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात, तेही आम्लात विरघळतात आणि चुन्याचं प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून आधी भिंगातून बघून शिंपले वेचून वेगळे काढा.

आता मूळ मुद्दा. मालाडचा पिवळसर दगड हा ज्वालामुखीचा, ट्रॅकाइट जातीचा. चांगला टिकतो, पण त्यालाही श्वास लागतो. भिंतीत पाणी शिरणारच, मुंबईत वर्षाला सव्वादोन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून आतली ओल सांध्यातून बाहेर पडते आणि सोबतचे क्षारही सांध्यातच जमतात. सांधा झिजतो, तो पुन्हा भरता येतो. सिमेंटने सांधे भरले की हा मार्ग बंद. ओल दगडातून बाहेर पडायला लागते, क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागाआड वाढतात आणि पापुद्रे सुटतात. समोर उभं राहिलं की चित्र ओळखू येतं. सिमेंटच्या रेघा तशाच पुढे आलेल्या, आणि त्यांच्या मधला दगड बशीसारखा आत गेलेला. सांधा वाचला आणि दगड गेला, म्हणजे उलटा धंदा झाला.

उभाआडवा

तत्त्व मान्य आहे. पण ठेकेदार सिमेंट का वापरतो तेही बघा. परांचीचं भाडं महिन्यावर चालू असतं. चुना दहा दिवस ओला ठेवावा लागतो, पुरा घट्ट व्हायला महिने जातात. जूनच्या आत काम संपवायचं असतं. चुन्याचं काम जाणणारे गवंडी थोडे. निविदेत 'चुना' एवढाच शब्द असतो, प्रमाण नसतं, मग चुन्यात निम्मं सिमेंट मिसळून काम होतं आणि बिल चुन्याचं लागतं.

चुनखडी

म्हणूनच निविदेत शब्द नेमके हवेत. असं लिहा:

सांधा छिन्नी-हातोडीने उकरणे, ग्राइंडर वापरणे मना. उकरण्याची खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, आणि कमीत कमी २५ मिमी. आतली धूळ ब्रशने व पाण्याने काढणे. भरण्याच्या आदल्या दिवशी आणि भरण्याआधी भिंत भिजवणे, पण पाणी साचलेलं नको. माल: कळीचा चुना विझवून, चाळून, किमान एक महिना पाण्याखाली मुरवलेला लगदा १ भाग, धुतलेली नदीची वाळू अडीच भाग, चांगल्या भाजलेल्या विटांची सुरकी अर्धा भाग. खाडीची रेती चालणार नाही. खोल सांधा दोन थरांत भरणे, पहिला थर बोटाने दाबून खड्डा पडत नाही इतका आवळला की दुसरा. शेवटचा थर दगडाच्या कडेपासून दोन-तीन मिमी आत ठेवणे, दगडावर माल पसरवायचा नाही. मग ओलं गोणपाट, किमान दहा दिवस, उन्हाच्या बाजूला दिवसातून तीन वेळा शिंपडून.

वेळेबद्दल: हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात धरलं तर जूनचा प्रश्न येत नाही. एप्रिलमध्ये सुरू केलं तर चुना वाळतो, आवळत नाही, आणि बोटाने उकरला जातो. मग सगळे म्हणतात चुना टिकत नाही. आणि सुरुवातीला एक चौरस मीटरचा नमुना भरून घ्या, तो महिनाभर बघा, त्यावर सही करा आणि मगच पुढचं काम. भेसळ पकडायलाही हा नमुना उपयोगी. सिमेंट घातलेला माल राखाडी झाक देतो आणि दुसऱ्या दिवशी नखाने ओरखडत नाही. शुद्ध चुन्याचा ओरखडतो.

उभाआडवा

नमुन्याची अट चांगली आहे. त्यात एवढं जोडतो: मालाची घाणी किंवा मिक्सर जागेवरच हवा आणि चुन्याचा साठा मोजून ठेवा. किती रनिंग मीटर सांधा भरला आणि चुना किती खपला याचा हिशेब रोज लागला तर भेसळीला जागा राहत नाही.

पागोळी

दगडावर एवढं बोलणं झालं, पण पाणी शिरतं ते वरून. गच्ची बघा.

मूळ गच्चीवर चुन्याचा कोबा, म्हणजे ठोकून बसवलेला थर असे. गळायला लागली की त्यावर ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा, पुन्हा गळली की त्यावर दुसरा, मग डांबर, मग चायना मोझेइक. जुना थर काढायचा खर्च आणि राडारोडा नको म्हणून कोणी काढत नाही. हिशेब करा. एक हजार चौरस फुटांवर चार इंच कोबा म्हणजे ३३३ घनफूट, साडेतीन ब्रासला थोडा कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). वजन सुमारे १८ टन. असे तीन थर म्हणजे ५४ टन, आणि हे सगळं त्या जॅक आर्चवर, जिचे गर्डर भिंतीतल्या टोकांशी आधीच गंजलेले आहेत. कुठल्याही दुरुस्तीआधी गच्चीवर तीन-चार ठिकाणी भोक पाडून थर मोजा. मूळ थरापर्यंत सगळं काढणं हाच बहुतेक वेळा अर्धा उपचार असतो.

दुसरं, पावसाळी पाइप. या इमारतींत चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून बिडाचे पाइप पुष्कळदा भिंतीच्या आतून किंवा खाचेतून नेलेले असतात. पाच हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाला १०० मिमी पाऊस झाला तर त्या तासात ४६ हजार लिटर पाणी खाली जायला हवं. एक तोंड पिंपळाच्या पानांनी आणि कबुतरांच्या घरट्याने बंद झालं की पाणी कठड्याच्या बुडाशी साचतं आणि भिंतीत उतरतं. आतल्या पाइपाचा शिशाचा सांधा सुटलेला असेल तर तेच पाणी भिंतीच्या पोटात. बाहेरून काहीच दिसत नाही, आतल्या खोलीत रंगाला फुगे येतात आणि लोक रंगवाल्याला बोलावतात.

चाचणी सोपी आहे. मे महिन्यात एकेका तोंडात रंगीत पाणी दोनशे लिटर ओता आणि खाली चेंबरमध्ये किती वेळात किती येतं ते बघा. कमी आलं तर ते भिंतीत आहे.

पिंपळाबद्दल: रोप उपटू नका. मूळ सांध्यात राहतं आणि दुप्पट जोराने फुटतं. खोड कापून ताज्या काप्यावर औषध लावा, मूळ मरू द्या, मग सांधा उकरून काढा आणि चुन्याने भरा. मूळ दगडाआड गेलं असेल तर तो दगड क्रमांक घालून उतरवावा लागतो. दुसरा उपाय नाही.

लोखंडकाम

गर्डराच्या बिघाडावर, वर म्हटल्याप्रमाणे.

गर्डर मधोमध गंजताना दिसतो, पण धोका टोकाला असतो, जिथे तो बाहेरच्या भिंतीत गेला आहे. तिथे पागोळी यांनी सांगितलेलं पाणी पोचतं. गंजाला मूळ पोलादाच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून टोकाभोवतीचा दगड आधी उचलला जातो. बाहेरून मजल्याच्या पातळीवर आडवी चीर दिसली, किंवा एका ओळीत ठरावीक अंतरावर दगड थोडे पुढे आलेले दिसले, तर ते अंतर फुटपट्टीने मोजा. गर्डरांच्या अंतराशी जुळलं तर रोग कळला.

जाडी मोजायची तर आधी पापुद्रे हातोडीने पाडून चकाकतं पोलाद दिसेपर्यंत घासा आणि कॅलिपर लावा. १० बाय ५ च्या गर्डराची आडवी पट्टी साधारण अर्ध्या इंचाहून थोडी जाड असते. एक अष्टमांश इंच गेलं म्हणजे पट्टीचा जवळपास चौथा हिस्सा गेला. पापुद्र्यासकट मोजलं तर जाडी वाढलेली दिसते आणि अहवालात 'गर्डर सुस्थितीत' असं येतं. ही चूक वारंवार दिसते.

सगळ्यात घातक गोष्ट मात्र गंजाची नाही. जॅक आर्च दोन्ही बाजूंना ढकलते. शेजारच्या कमानी एकमेकींना तोलतात, आणि शेवटच्या गाळ्यात हा रेटा घ्यायला लोखंडी सळया, टाय रॉड, घातलेले असतात. एसीचा डक्ट न्यायला कोणीतरी ते रॉड कापतो, किंवा आतला जिना करायला मधला एक गाळा पाडतो. मग उरलेल्या कमानींना पलीकडून आधार राहत नाही, गर्डर बाजूला सरकतो आणि विटा सुटतात. गाळा काढायचाच असेल तर आधी दोन्ही बाजूंच्या गर्डरांमध्ये पोलादी आडव्या टेकण्या जोडायच्या, मग खालून टेकू, मग वीट काढायची. क्रम उलटला तर शेजारचा गाळा खाली येतो.

पोटमाळा

कचेऱ्यांत चौदा-पंधरा फूट उंचीमुळे मध्ये पोटमाळे टाकलेले असतात आणि सगळीकडे फायलींची कपाटं. याचा भार किती धरायचा?

लोखंडकाम

कागद जड असतो. गच्च भरलेली सात फुटी रॅक, मधल्या फटी वजा करूनही, खालच्या चौरस मीटरवर सातशे किलोपर्यंत सहज जाते. आजच्या आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे कचेरीच्या खोलीला चौरस मीटरला अडीच ते चार किलोन्यूटन, म्हणजे साधारण २५० ते ४०० किलो, आणि फायलींच्या खोलीला पाच किलोन्यूटन धरतात. सरकत्या कॉम्पॅक्टर कपाटांचा भार त्याहूनही पुढे जातो. अशी कपाटं तळमजल्यावर न्या, किंवा निदान गर्डरांना आडवी, भिंतीजवळ ठेवा. गर्डरांना समांतर ठेवली तर सगळा भार एकाच गर्डरावर येतो. पोटमाळ्याचे खांब कमानीच्या मध्यावर टेकवलेले असतील तर ते आजच हलवा.

नकाशाघर

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण दुरुस्ती का रखडते ते तिथे कळतं.

मुंबईचे वारसा नियम १९९५ चे. श्रेणी एक, दोन अ, दोन ब, तीन. बॅलार्ड इस्टेट ही वारसा परिसर म्हणूनही नोंदलेली आहे, त्यामुळे यादीत वेगळं नाव नसलेल्या इमारतीचा चेहरा बदलतानाही परवानगीचा प्रश्न येतो. युनेस्कोच्या २०१८ च्या यादीत मात्र बॅलार्ड इस्टेट नाही. ती यादी ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींची आहे. दोन्हींची सरमिसळ करून 'जागतिक वारसा' असं लिहू नये.

खर्च कोण करणार हा मोठा प्रश्न. जमीन पोर्टाची, इमारत पट्टेदाराची, आत भाडेकरू आणि पोटभाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, त्या भाड्यात परांचीही उभी राहत नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांचं संरक्षण काढलं, म्हणून काही कचेऱ्यांचं भाडं बाजाराला आलं आणि त्या इमारतींत पैसा लागला. पट्टे संपलेले, नूतनीकरण अडलेलं, अशा ठिकाणी कोणीच हात घालत नाही. दुरुस्ती काढण्याआधी पट्ट्याची उरलेली वर्षं आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणावर लिहिली आहे ते कलम वाचा. जुन्या पट्ट्यांत ती बहुधा पट्टेदारावर असते.

पोटमाळा

इथल्या भिंतींतल्या चिरा १९४४ च्या गोदी स्फोटातल्या आहेत असं पुष्कळदा ऐकू येतं.

गोदीकाठ

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचे दोन स्फोट झाले, जवळपास १४०० टन स्फोटकं होती. व्हिक्टोरिया गोदी इथून उत्तरेला आहे. धक्का मोठाच होता, पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या धक्क्याची चीर आज वाढत नाही. वाढते ती ओल, गंज किंवा पाया खचल्याची. म्हणून चिरेला कारण चिकटवण्याआधी तिला मोजा. चिरेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे पक्के बसवा, कॅलिपरने अंतर घ्या, एक दशांश मिलिमीटरपर्यंत, आणि तारखेसह लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, वर्षभर. उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात अरुंद होऊन मूळ आकड्यावर येत असेल तर ती भिंतीची नेहमीची हालचाल. परत येत नसेल तर काम काढा. भरावाच्या जमिनीवर शेजारी खोल खोदकाम चालू असेल तर महिन्याऐवजी आठवड्याला मोजा, कारण पंपाने पाणी उपसलं की भराव बसतो.

चुनखडी

धुण्याबद्दल राहिलं. इमारत काळी दिसते म्हणून वाळूचा फवारा किंवा आम्ल लावू नका. कोरीव कामाला पोरबंदरचा चुनखडी दगड असेल तर आम्लात तो विरघळतोच, वर बघा, त्याच तत्त्वावर आपण मालाची चाचणी केली. मालाडच्या दगडातलं लोह आम्लाने सुटून तपकिरी डाग उठतात, ते नंतर निघत नाहीत. साधं पाणी, बारीक फवारा, नायलॉनचा मऊ ब्रश, वरून खाली. काळा थर निघत नसेल तर कागदाचा लगदा आणि मुलतानी माती शुद्ध पाण्यात कालवून लेप द्या, वाळला की काढा, तीन-चार वेळा. क्षारही त्यात ओढले जातात. आणि नंतर पारदर्शक वॉटरप्रूफ लेप लावू नका, आतली ओल पुन्हा अडते.

उभाआडवा

परांची उभी आहे तोवर कॉर्निसच्या खाचेचं कामही करून घ्या, गोदीकाठ यांनी पहिल्याच लेखात सांगितलेली. खालून दिसत नाही. आरसा धरून किंवा बोट फिरवून बघा. सिमेंट भरलेलं असेल तर अर्ध्या इंची छिन्नीने, दगडाची कड न मोडता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी करा. वर कॉर्निसच्या माथ्याला चुन्याचा उतार द्या, बाहेरच्या बाजूला, फुटाला अर्धा इंच. मग बादलीभर पाणी ओतून थेंब कुठून सुटतो ते खालून बघा. भिंतीकडे ओघळ आला तर खाच अजून पुरती मोकळी झालेली नाही.